न्हाणीघरातली हवा

गॅस गिझरचं झाकण काढायला फारसा वेळ लागत नाही. पुढची दोन बटणं ओढून काढायची, स्क्रू सोडायचे, पत्रा जरा वर उचलून पुढे घ्यायचा. मेकॅनिकनं झाकण बाहेर नेऊन ठेवलं आणि आत टॉर्च मारला. ज्योतीच्या वर तांब्याच्या पातळ पात्यांची दाट रांग असते. त्या पात्यांना धग लागते आणि त्यांना बिलगून गेलेल्या नळीतलं पाणी तापतं. ही रांग काळीठिक्कर पडली होती. दोन पात्यांच्या फटीत त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवलं तशी काजळीची एक जाड खपली सुटून बर्नरवर पडली. टॉर्च तसाच धरून त्यानं विचारलं, "ताई, वरची वाट बंद झालीय. मग हा धूर इतके दिवस जात कुठं होता?"

फ्लॅट आम्ही रीसेलमध्ये घेतला. पुण्यातली नव्वदच्या दशकातली सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड भरपूर. आधीचे मालक वयस्कर जोडपं, मुलाकडे राहायला निघालेलं. व्यवहार सरळ झाला. वकिलांनी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, सोसायटीचं ना हरकत पत्र आलं, इंडेक्स टू हातात पडला, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं, वीजमीटर नावावर झाला. पंखे, कपाटं आणि गिझर करारात 'फिटिंग्जसह' या एका शब्दात आले. इतक्या हातांतून हा फ्लॅट तपासून गेला, पण न्हाणीघरातल्या त्या पांढऱ्या पेटीसमोर त्यांतलं कुणी थांबलं नाही. थांबावं असं कुठल्याच कागदात लिहिलेलं नसतं.

राहायला आल्यावर आईला आंघोळीनंतर डोकं जड वाटायला लागलं, एकदा मळमळलं. सामानाची हलवाहलव, झोप नीट नाही, अशी कारणं घरात सगळ्यांनीच काढली. मला खटकली ती ज्योत. झाकणाच्या काचेच्या खिडकीतून ती निळी दिसायला हवी. नळ सोडल्यावर ती निळीच पेटायची, आणि थोड्या वेळानं तिची टोकं पिवळी पडून वर लवलवायला लागायची. त्याच दिवशी आम्ही गिझर बंद केला आणि मेकॅनिकला बोलावलं.

हे यंत्र आहे फार हुशार. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्याला ढकलतो, पडदा एक दांडी सरकवतो, दांडी गॅसची झडप उघडते आणि त्याच क्षणी दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडायला लागते. टक टक टक, भप्प. पाणी थांबलं की सगळं उलट क्रमानं मिटतं. ज्योत विझली तर तिच्यात बुडालेली एक काडी ते ओळखते आणि गॅस तोडते. पुष्कळ गिझरना 20 मिनिटांचा टायमरही असतो. मेकॅनिकनं हे एकेक करून पाहिलं आणि सगळं चालू निघालं. "मशीन वाईट नाही," तो म्हणाला, "जागा वाईट आहे."

या लेखात मला जे सांगायचंय ते एवढंच. आपण यंत्राचं नाव पाहतो, शिक्का पाहतो, वॉरंटी पाहतो. ते श्वास कुठून घेणार आणि कुठं सोडणार, हे पाहत नाही. बिनचिमणीचा सहा लिटरचा गिझर साधारण 12 किलोवॉटचा असतो, म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच बर्नर एका वेळी पूर्ण मोठे करावेत तेवढा. एवढ्या ज्योतीला तासाला सुमारे 420 घनफूट हवा लागते, मिनिटाला सात. आमचं न्हाणीघर चार बाय सात फुटांचं, वर माळा काढल्यामुळे उंची जेमतेम सात फूट. एकूण 196 घनफूट, त्यात बादली, माणूस आणि वाफ. डोक्यावरून निवांत आंघोळ करायला पंधरा मिनिटं लागली, तर निम्म्याहून जास्त खोलीभर हवेतला प्राणवायू ज्योतीनं खाल्लेला असतो. जळून उरलेलं सगळं त्याच खोलीत राहतं आणि पुन्हा ज्योतीकडेच जातं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, काजळी धरते, काजळीनं पात्यांमधली वाट बुजते, वाट बुजली की जळणं आणखी बिघडतं. अशा जळण्यातून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड.

हवा यायची तरी कुठून? न्हाणीघराची खिडकी मुळात तिरप्या काचपट्ट्यांची होती, तिची चौकट अजून तशीच आहे. कबुतरं आत येऊन घाण करतात म्हणून कधीतरी पट्ट्या काढून तिथं अखंड काच सिलिकॉननं बसवलेली. दरवाजा नवा, पीव्हीसीचा, खाली ग्रॅनाइटचा उंबरठा. मध्ये पोस्टकार्डही सरकणार नाही. एक्झॉस्ट पंखा आहे, पण त्याचं बटण वेगळं, आणि थंडीत तो कोण लावतो? शिवाय पंख्यानं हवा ओढायची तर दुसरीकडून आत यायला फट हवी. पंखा उघडतो तो डक्टमध्ये. मेकॅनिकनं मान बाहेर काढून वर पाहिलं. पावसाचं पाणी उतरतं म्हणून गच्चीवर डक्टचं तोंड फायबरच्या पत्र्यानं झाकून टाकलेलं होतं. म्हणजे आमच्याकडचा धूर बाहेर गेला तरी तो वरच्या मजल्याच्या खिडकीशीच घुटमळणार.

यातली प्रत्येक दुरुस्ती आपापल्या जागी शहाणपणाची होती. कबुतरं थांबली, पाणी थांबलं, गार वारा थांबला. करणारी माणसं वेगळी, वर्षं वेगळी.

गॅसची नळी पाहताना मेकॅनिकचा आवाज प्रथमच चढला. सिलिंडर मागच्या बाल्कनीत, गिझर न्हाणीघरात, आणि मधल्या भिंतीला भोक पाडून रबरी नळी आरपार नेलेली. भिंतीतला भाग टाइल्सच्या मागे गेलेला. "नळी सगळीच्या सगळी डोळ्यांना दिसली पाहिजे. भिंतीतून न्यायची तर पाइप टाकायचा." नळीवरची तारीख पुसून गेली होती. त्यानं मगात साबणाचा फेस केला आणि ब्रशनं क्लॅम्पवर फासला. काही क्षण काही झालं नाही. मग क्लॅम्पच्या खालच्या अंगाला मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे गळतीचा निदान संशय तरी येतो. ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचूर नाही. वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा आपल्या घराघरांतला हिशेब इथं पूर्ण चुकतो.

मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला होता, आकडा दाखवणारा आणि सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवणारा. मेकॅनिकच्या सांगण्यावरून तो टॉवेलच्या दांडीला अडकवला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि आम्ही बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत कुणी नाही, सिलिंडर बाहेर, त्याचा रेग्युलेटर मेकॅनिकच्या हाताखाली. हे एकट्यानं करून पाहण्याचं काम नव्हे. दहा मिनिटांनी त्यानं गॅस तोडला, दार सताड उघडलं, वाफ ओसरू दिली आणि श्वास रोखून उपकरण बाहेर आणलं. त्यानं नोंदवलेला सर्वांत मोठा आकडा होता 184, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 184 भाग. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा तासाभराला सुमारे 30 आणि पंधरा मिनिटांना सुमारे 90 आहे. आणि अलार्म वाजला नव्हता. तो बिघडलेला नव्हता. युरोपीय मानकाप्रमाणे असा अलार्म 100 ला दहा ते चाळीस मिनिटांनी वाजतो, 300 ला तीन मिनिटांच्या आत. आंघोळ त्याआधीच संपते. न्हाणीघरातल्या गिझरवर उपाय म्हणून अलार्म लावून निश्चिंत होणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. पायांतली ताकद जाते, डोकं फिरतं, आणि कडी काढायला हात वर जाईपर्यंत माणूस खाली बसलेला असतो. कधी झटकेही येतात. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच दिलंय, कारण न्हाणीघरात पडलेले रुग्ण फिटचे किंवा बीपीचे म्हणून त्यांच्याकडे येत. करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथं फसवतो. कार्बन मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूनं भरलेलंच वाटतं, आणि बोटावर 98 दिसत राहतं. त्या आकड्यावर विसंबून कुणाला घरी झोपवू नये. आधी गॅस बंद, दार-खिडक्या उघडून माणूस मोकळ्या हवेत, आणि थेट दवाखाना. तिथं 'गॅस गिझर होता' हे तोंडानं सांगायचं. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे दीड.

ब्रिटनमध्ये घराघरांत गॅसचे बॉयलर असतात, आणि त्यांना हात लावणाऱ्याचं नाव गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावंच लागतं. 1 एप्रिल 2009 पासून ही नोंदणी आहे. घर भाड्यानं देणाऱ्याला दर वर्षी तपासणी सक्तीची. बॉयलर जिवावर बेतेल असा आढळला, तर मेकॅनिक घरमालकाच्या संमतीनं गॅस तोडतो आणि वर 'वापरू नका' अशी चिठ्ठी डकवून जातो. आपल्याकडे या गिझरसाठी भारतीय मानक आहे, आयएस 15558. पण विकल्या गेलेल्या गिझरची आणि त्याच्या खोलीची गाठ घालणारं माणूस मध्ये कुणी नाही. आमच्या मेकॅनिककडे चिठ्ठी नव्हती. त्यानं खडूनं झाकणावर मोठी फुली मारली आणि रेग्युलेटर काढून माझ्या हातात दिला.

गिझर बाल्कनीत नेऊन गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा, हा त्यानं सुचवलेला एक मार्ग. उघडी बाल्कनी असेल तर तो उत्तमच. आमची बाल्कनी स्लायडिंग काचांनी बंद केलेली, म्हणजे तीही एक खोलीच. शेवटी 25 लिटरचा विजेचा गिझर लावला. त्यासाठी मीटरपासून जाड वायर ओढावी लागली, अर्थिंग तपासावं लागलं, कारण पाणी आणि वीज एकत्र आली की तिचेही धोके आहेत. खिडकीची काच काढून पट्ट्या पुन्हा बसवल्या, बाहेरून बारीक जाळी. भिंतीतली नळी तोडून काढली. जुना गिझर चांगल्या किमतीला मागणारा एक जण लगेच हजर झाला, "साफ करून कुठंही बसवतो" म्हणत. मेकॅनिकनं त्याच्यासमोरच बर्नर काढला, हातोड्यानं चेपला, आणि मग तांबं भंगारात घातलं. या एका गोष्टीसाठी मी त्याची कायम ऋणी राहीन.

मग मी आमच्या जिन्यातली दारं ठोठावली. आमच्याच डक्टवर न्हाणीघरं असलेली आणखी घरं होती. सेक्रेटरी समजूतदार निघाले. गच्चीवरचा फायबरचा पत्रा त्यांनी फूटभर उचलून चारी बाजूंनी मोकळा करून घेतला, आणि फ्लॅट विक्रीच्या ना हरकत पत्राआधी गॅसच्या जोडण्या पाहाव्यात हा विषय वार्षिक सभेत घ्यायचं कबूल केलं. चौथ्या मजल्यानं गिझर काढला. खालच्या मजल्यावरच्या आजींना मात्र विजेच्या गिझरचं पाणी पुरत नाही असं वाटतं, आणि त्यांचा मुलगा दिवाळीनंतर बघू म्हणतो. तोवर त्यांनी पाणी आधी बादल्यांत काढून घ्यायचं, गिझर बंद करायचा, दार उघडं ठेवून हवा बदलू द्यायची, मगच आंघोळीला आत जायचं, असं ठरलंय. माझा अलार्म सध्या त्यांच्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी त्यातला आकडा पाहून येते, आणि मुलाला पाठवते.