जाजांगम्यॉन : पदार्थ आपला, आचारी परका

दक्षिण कोरियातील बहुतेक वस्त्यांत एखादे तरी साधे 'चिनी' उपाहारगृह असते. घर बदलण्याच्या दिवशी स्वयंपाकघर मांडलेले नसते, तेव्हा कोरियन कुटुंबे हमखास तेथून जाजांगम्यॉन मागवतात. गव्हाच्या जाड नूडल्सवर ओतलेला काळाभोर, दाट रस्सा, सोबत पिवळा मुरवलेला मुळा आणि कच्चा कांदा, असे या जेवणाचे स्वरूप. चीनच्या पारंपरिक स्वयंपाकात हा पदार्थ या रूपात आढळत नाही. तो घडला इंचॉन या कोरियन बंदरात.

शानतुंगहून आलेली चव

इंचॉन बंदर १८८३ मध्ये परदेशी व्यापारासाठी खुले झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे चिनी वसाहत स्थापन झाली. पीत समुद्रापलीकडील शानतुंग प्रांतातून व्यापारी आणि गोदी कामगार येऊ लागले. आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी परतून ती नूडल्सवर घेण्याची आपली रीतही त्यांनी सोबत आणली. शानतुंगच्याच एका स्थलांतरिताने येथे उपाहारगृह काढले. चीनमधील राजेशाही संपुष्टात आल्यावर १९१२ मध्ये त्याचे नाव 'गोंगह्वाचुन', म्हणजे 'प्रजासत्ताकाचा वसंत', असे ठेवण्यात आले. जाजांगम्यॉनचे जन्मस्थान म्हणून याच वास्तूचा उल्लेख केला जातो.

मूळ चटणी तपकिरी आणि खारट. दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियात तयार होऊ लागलेल्या 'चुनजांग' या चटणीत कॅरामल मिसळले गेले आणि तिला काळा रंग व गोडवा आला. त्यात भरपूर कांदा, डुकराचे मांस आणि दाटपणासाठी स्टार्च यांची भर पडली. कोरियन युद्धानंतर अमेरिकी मदतीचा गहू आला. तांदळाची टंचाई असल्याने १९६० च्या दशकात सरकारनेही पिठाचे पदार्थ खाण्याचा आग्रह धरला. स्वस्त आणि पोटभरीचे जाजांगम्यॉन त्यामुळे घरोघरी पोहोचले.

स्वयंपाकघरापुरती जागा

ज्यांच्या हातची ही चव, त्यांचे दिवस मात्र कठीण होत गेले. परकीयांच्या जमीनमालकीवर १९६१ च्या कायद्याने कडक निर्बंध आले. इतर व्यवसायांच्या वाटा अरुंद झाल्याने अनेक चिनी कुटुंबांना उपाहारगृहाचाच आधार उरला. कोरियात जन्मलेल्या पिढ्याही कागदोपत्री परकीयच राहिल्या. १९७० च्या दशकात असंख्य कुटुंबांनी अमेरिका आणि तैवानची वाट धरली. १९८० च्या दशकात गोंगह्वाचुनचेही दरवाजे बंद झाले. जमिनीवरील निर्बंध १९९८ मध्ये शिथिल झाले. कायमस्वरूपी निवासाचा हक्क मिळण्यास २००२ साल उजाडले.

२००६ चा योगायोग

गोंगह्वाचुनच्या जुन्या इमारतीची २००६ मध्ये संरक्षित वारसा म्हणून नोंद झाली. त्याच वर्षी सरकारने निवडलेल्या शंभर कोरियन सांस्कृतिक प्रतीकांत जाजांगम्यॉनला स्थान मिळाले. कायमस्वरूपी निवासी परकीयांनी स्थानिक निवडणुकीत प्रथमच मतदान केले, तेही याच वर्षी. राष्ट्रीय निवडणुकीतील मताचा अधिकार त्यांना अद्याप नाही.

जुन्या इमारतीत २०१२ पासून जाजांगम्यॉनचे संग्रहालय आहे. पदार्थाला कोरियाचे नागरिकत्व कधीच मिळाले. तो रांधणाऱ्यांच्या वाट्याला ते एवढ्या सहजपणे आले नाही.