सेल्फ लागला म्हणजे बिघाड गेला असं नाही

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली सोडून कुडाळकडे निघालं की ओरोसच्या आधी कसाल लागतं. मालवणचा रस्ता इथूनच फुटतो, त्यामुळे गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची इथं रीघ असते. यातल्या कितीतरी गाड्या एरवी मुंबईत सोसायटीच्या आवारात आठवडेच्या आठवडे उभ्या असतात, तर काही गावच्या मांगरात पावसाळा काढतात. मग ऐन निघायच्या वेळी ‘गाडी सेल्फ घेणा नाय’ असं ऐकू येतं. शेजारची गाडी येते, केबल येते आणि प्रत्येकाचा सल्लाही येतो. त्यातले काही सल्ले महागात पडतात, एखाद-दुसरा डोळ्यावर बेततो.

पहिला समज असा, की हेडलाइट लागतो म्हणजे बॅटरी ठीक आहे. हेडलाइटचे दोन बल्ब जेमतेम ९-१० अँपिअर करंट घेतात. सेल्फ मारताना स्टार्टरला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात आणि डिझेल गाडीत त्याहून जास्त. दमलेली बॅटरी दिवा लावते, पण स्टार्टर फिरवू शकत नाही. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी दिवे एकदम मंद झाले आणि भराभर ‘टक-टक-टक’ आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक’ होऊन पुढे काहीच झालं नाही आणि दिवे मात्र झगझगीत राहिले, तर संशय स्टार्टर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर घ्यावा. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं आहे, तर इमोबिलायझरला चावी ओळखू येत नाही. शेवटच्या दोन प्रकारांत केबल जोडून काही उपयोग नाही.

‘तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला’ हा दुसरा समज अर्धाच बरोबर आहे, आणि धोका नेमका उरलेल्या अर्ध्यात आहे. दोन्ही गाड्या बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. तांबड्या केबलचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळ्या केबलचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. चौथा आणि शेवटचा चिमटा मात्र उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायचा नाही. तो तिच्या गाडीच्या इंजिनावर, बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या जाड धातूला लावायचा. सर्किट पुरं होतं ते या शेवटच्या चिमट्यानं, म्हणून ठिणगी उडते तीही तिथंच. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी पडली तर बॅटरी फुटून सल्फ्युरिक ॲसिड तोंडावर उडतं. डोळ्यात गेलंच, तर साध्या पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

शेवटचा चिमटा इंजिनावर लावण्याचं आणखी एक कारण आहे. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर असतो आणि थेट तिथं जोडलं तर त्याची मोजणी चुकते. केबल लागल्या की चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटं तशीच राहू द्यावी. मग दुसऱ्या गाडीला सेल्फ मारावा, पण सलग पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडं थांबावं. केबल काढताना क्रम बरोबर उलटा. बारीक तारेची स्वस्त केबल गरम होऊन वितळते. तिच्यावर पैसे वाचवू नयेत.

महामार्गावर उभं राहिलं की ट्रक-डंपरवाला मदतीला थांबतो. मन मोठं असतं, पण त्याच्या गाडीत दोन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात, म्हणजे व्होल्टेज २४. ‘मोठी गाडी, मोठी ताकद, लगेच सुरू होईल’ या समजापायी २४ व्होल्ट १२ व्होल्टच्या गाडीला दिले, तर इंजिनचं नियंत्रण करणारा ईसीयू जळू शकतो, आणि बॅटरीपेक्षा तो कितीतरी महाग पडतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. पण तिच्यावरून दुसऱ्या गाडीला करंट द्यायला बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका मनाई करतात.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरं. म्हणून धोका नाही, हे खरं नाही. हातातलं कडं, अंगठी किंवा पाना प्लसवरून बॉडीला टेकला, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. अंगठी-कडं आधी काढून ठेवा. टर्मिनल सोडवायचं असेल तर मायनस पहिलं काढा, जोडताना ते शेवटी लावा.

धक्का मारून सुरू करण्याची सवय आपल्याकडे जुनी. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते चालायचं. आताच्या गाडीत इंधनपंप आणि ईसीयू चालवण्याइतका तरी करंट बॅटरीत हवा. ती ठार उतरली असेल तर कितीही ढकला, गाडी पेट घेणार नाही. ऑटोमॅटिक गाडी तर अशी सुरू होतच नाही. उतारावरून सोडण्याचा मोह टाळावा. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंगही जड जातं, आणि आमच्याकडचे उतार वळणाचे आहेत.

आता सगळ्यात पसरलेला समज: गाडी सुरू झाली, अर्धा तास फिरवली की बॅटरी भरली. कसालहून मालवणपर्यंतची फेरीसुद्धा पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला पुरत नाही. लेड-ॲसिड बॅटरी सुरुवातीला भराभर करंट घेते, पण भरत जाईल तशी कमी कमी घेते. शेवटच्या टप्प्याला कित्येक तास लागतात. रात्रभर चार्जरवर लावणं हाच खरा उपाय.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनॅमो बघण्याची’ युक्ती अजूनही कुणीतरी दाखवतं. कृपा करून कुणाला करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं, संरक्षण नसेल तर शंभरच्या आसपास जाऊ शकतं, आणि त्यात दिव्यांपासून ईसीयूपर्यंत काहीही जाऊ शकतं. अल्टरनेटर तपासायला काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त देतो, तेव्हा हेडलाइट लावून बघावं.) चालू इंजिनावरही १२.५ च्या वर काटा जात नसेल तर दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंगमध्ये आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा राहिला, तर नवी बॅटरी घालूनही ती उतरणारच.

अल्टरनेटर ठीक, बॅटरी चांगली, तरी चार दिवसांत उतरते? मग गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय. घड्याळ, अलार्म, ईसीयूची स्मृती यांना थोडा करंट लागतोच. ५० मिलिअँपिअरपर्यंत तो चालून जातो. पण हिशेब करून बघा. ३५ अँपिअर-अवरची छोट्या गाडीची बॅटरी एवढ्या ओढीनंही सातशे तासांत, म्हणजे महिन्याभरात रिकामी होते. गणपतीला आणलेली गाडी दिवाळीला सुरू न होण्यात बॅटरी कंपनीचा काही दोष नाही. डॅशकॅम, ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा असेल तर मुदत आणखी घटते. मल्टिमीटर मायनसच्या वाटेत जोडून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबून करंट मोजावा. या जोडणीत सेल्फ मारू नये. मग एकेक फ्यूज काढत जावं. ज्या फ्यूजला आकडा घसरतो, चोर त्या सर्किटमध्ये.

किनारपट्टीवर आणखी एक शत्रू आहे, खारी दमट हवा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो, बॉडीची अर्थ पट्टी गंजते, आणि चांगली बॅटरी मेल्यासारखी वागते. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं घासा, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, कोरडं करून व्हॅसलीन लावा. बॅटरीत भरायला मात्र डिस्टिल्ड वॉटरच हवं. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात धूळ आणि धातूचे अंश येतात. घरी कधीही ॲसिड ओतू नका; उडून जातं ते पाणी, ॲसिड नव्हे.

एका गाडीला असा केबल जोडून जम्प स्टार्ट कधीच देऊ नये: पुरात बुडालेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं, तेव्हा गाड्याच्या गाड्या चिखलात बुडाल्या होत्या. अशा गाडीच्या कनेक्टरांत पाणी असतं आणि करंट दिला की शॉर्ट होतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. ते नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुतेकदा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. तेव्हा आधी फोटो, मग विमा कंपनीला फोन, मग टो. चावीला हात लावायचा नाही.