चीजमागील विकर

दुधाला विरजण लावले की दही लागते. लिंबू पिळले की दूध फाटून पनीर होते. चीजची गोष्ट वेगळी. तेथे दूध गोठविण्याचे काम बहुधा एक विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. ते विकर आले कोठून, हा शाकाहारी कुटुंबाने विचारावा असाच प्रश्न आहे.

विकरे बहुतांशी प्रथिने असतात. रासायनिक क्रिया घडण्यापूर्वी ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. विकर तो उंबरठा खाली आणते, पण स्वतः खर्ची पडत नाही. चांगला दलाल देणाऱ्या-घेणाऱ्यांची गाठ घालून पुढच्या सौद्यास मोकळा होतो, तसेच हे. म्हणून अल्पसे विकर पुष्कळ दुधाला पुरते.

दुधातील केसीनचे सूक्ष्म कण परस्परांपासून अलग राहतात, कारण त्यांवर कॅपा-केसीनचे केसाळ आवरण असते. कायमोसिन नावाचे विकर या कॅपा-केसीनची साखळी १०५ व्या आणि १०६ व्या अमिनो आम्लांमध्ये नेमकी तोडते. आवरण गळते, कॅल्शियमच्या साहाय्याने कण एकवटतात आणि दूध गोठते.

कायमोसिन मूळचे दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातील. प्रथिने तोडणारे हे हत्यार पेशीतच चालू लागले तर तिलाच घातक. म्हणून पेशी ते निष्क्रिय रूपात घडविते. जठरातील आम्लाचा संपर्क आल्यावरच त्याचा एक भाग सुटून ते कार्यरत होते. वासरू चारा खाऊ लागले की कायमोसिन घटते, पेप्सिन वाढते. अन्यत्र पेशी दुसरी युक्ती योजते : तयार माल पुरेसा साठला की तोच माल साखळीतील आरंभीच्या विकराला अडवितो. गोदाम भरल्यावर नवी मागणी थांबवावी, तसा हा हिशेब.

पूर्वी हे विकर कापलेल्या वासरांच्या जठरांतून काढीत. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सूक्ष्मजीवांकडून बनविलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. त्यात वासराच्या जनुकाची प्रत सूक्ष्मजीवात असते, परंतु उत्पादनासाठी वासरू मारावे लागत नाही. रायझोम्युकर बुरशीच्या विकरात तर वासराचा संबंधच नाही.

तथापि इटलीच्या पार्मिजानो रेज्जियानो चीजला आजही नियमानुसार वासराचेच रेनेट वापरतात. परदेशप्रवासात वा आयात चीज घेताना वेष्टनावर नुसते ‘एन्झाइम’ दिसले, तर त्याचा स्रोत विचारून घ्यावा. आपल्याकडील हिरवे चिन्ह पाहण्याची सवय तर असतेच. त्यामागील विकराची ओळखही असावी.