गाजर आणि गाजराची गोळी

1985 साली फिनलंडमध्ये एक मोठा वैद्यकीय प्रयोग सुरू झाला. वयाची पन्नाशी ओलांडलेले, सिगारेट ओढणारे 29,133 पुरुष त्यात होते. काहींना रोज बीटा-कॅरोटीन दिलं जाई, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला केशरी करणारं द्रव्य. पालेभाज्या, गाजर, भोपळा पुष्कळ खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, हे आधी दिसलं होतं. मग भाजीची खटपट कशाला, गोळीच द्यावी!

1994 मध्ये निकाल आला. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, तो 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. गंमत म्हणजे फिनलंडच्याच नोंदींत, प्रयोग सुरू होताना ज्यांच्या रक्तात रोजच्या जेवणातून आलेलं कॅरोटीन जास्त होतं, त्यांना हा कर्करोग कमी झाला होता.

या गोळ्यांमागे एक जुनी कल्पना होती. 1956 मध्ये डेनहॅम हारमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की, म्हातारपण हे पेशींत तयार होणाऱ्या ‘फ्री रॅडिकल्स’चं काम असावं. पेशीतल्या तंतुकणिका अन्नातून ऊर्जा काढतात तेव्हा ऑक्सिजनचं पाणी होतं. पण थोडा ऑक्सिजन अर्धवट वाटेत, अशा रॅडिकल्सच्या रूपात, सुटतो आणि समोर येईल त्या चरबीला, प्रथिनाला, डीएनएला डसतो. हा मारा शरीराच्या आवरण्याबाहेर गेला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. लोखंडाला गंज चढतो तसं हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि गंजावर उतारा म्हणून अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे कॅरोटीन, ई जीवनसत्त्व अशा रॅडिकल्सना आवरणाऱ्या द्रव्यांच्या, बाटल्या दुकानांत लागल्या.

पण पेशी लोखंडासारखी मुकाट बसत नाही. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की, या रॅडिकल्सना निकामी करणारं विकर शरीर स्वतःच बनवतं. त्याही पुढची गोष्ट म्हणजे थोडाफार ताण शरीराला हवाच असतो. 2009 मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला गेला. निम्म्यांना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस होते. व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागतं. तो फायदा गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला, घेणाऱ्यांना नाही. व्यायामात उठणाऱ्या ज्या रॅडिकल्समुळे शरीराची बचाव यंत्रणा जागी होते, त्यांनाच गोळीने गप्प केलं होतं.

मग भाजी नेमकं काय करते? मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर ही एकाच कुळातली मंडळी. यांचा तिखट झणका म्हणजे किड्यांना पळवण्यासाठी झाडाने बनवलेली गंधकाची संयुगं. चिरताना, किसताना, चावताना पेशी फुटल्या की ती तयार होतात. ब्रोकोलीतल्या अशाच एका संयुगावर, सल्फोराफेनवर, पुष्कळ अभ्यास झाला आहे. ते रॅडिकल्सशी थेट लढण्यापेक्षा पेशीला किंचित डिवचतं, आणि पेशी स्वतःची संरक्षक विकरं वाढवते. फार वेळ उकळलं तर संयुग तयार करणारं विकरच मरतं, त्यामुळे या बाबतीत मुळ्याची कोशिंबीर मुळ्याच्या शिजलेल्या भाजीपेक्षा सरस. ‘वय थांबवा’ असं छापून कॅप्सूल विकणाऱ्यांना हे सांगणं अर्थातच परवडणारं नाही.

ताण वाढवणारं खाणंही स्वयंपाकघरातच असतं. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यातली स्निग्धाम्लं हवेतल्या ऑक्सिजनने तुटतात आणि पेशींना घातक अशी अल्डिहाइडं बनतात. म्हणूनच जुलै 2018 पासून भारतात नियम आहे: तेल बिघडताना त्यात साठणारी ‘पोलर’ संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. वड्यांच्या कढईत काळपट तेलावर रोज नवं तेल ओतत जाण्याची पद्धत मात्र अजून मोडलेली नाही.

आणि मुळात किती खायचं? क्लाइव्ह मॅके यांनी 1935 मध्येच दाखवलं होतं की, पोषण पुरेसं ठेवून उष्मांक कमी केले तर उंदीर जास्त जगतात. माणसांवरच्या ‘कॅलरी’ नावाच्या अमेरिकन प्रयोगात 220 निरोगी लोकांनी भाग घेतला. दोन वर्षांनी, डीएनएवरच्या खुणांवरून म्हातारपणाचा वेग मोजणाऱ्या एका चाचणीत कमी खाणाऱ्यांचा वेग 2 ते 3 टक्क्यांनी मंदावलेला दिसला; त्याच धर्तीच्या इतर चाचण्यांत काहीच फरक पडला नाही. ठरलं होतं उष्मांक 25 टक्के कमी करायचे. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ पाठीशी असूनही या उत्साही मंडळींना सरासरी जमले ते 12 टक्के.