रुपयातला पाऊण पैसा

९ फेब्रुवारी २०११, बुधवार, संध्याकाळचे सात. अमेरिकेत कुणी गूगलवर 'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज' असं टाकलं, तर पहिल्या नंबरावर खुद्द सॅमसोनाइट येत नव्हती. तिथे जे. सी. पेनी हे डिपार्टमेंट स्टोअर ठाण मांडून बसलं होतं. नऊ वाजता तेच पेनी ७१व्या नंबरावर! 'लिव्हिंग रूम फर्निचर'चंही तेच झालं: सातला पहिलं, नऊला अडुसष्टावं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अशा ५९ शोधांची सरासरी छापली. १ फेब्रुवारीला पेनीचं सरासरी स्थान होतं १.३, तर १० तारखेला ५२.

या चढण्या-पडण्याचं मूळ लिंकांमध्ये होतं: त्यांच्या जोरावर पेनी चढलं आणि गूगलने शिक्षा करताच पडलं. पेनीच्या कपड्यांच्या पानाकडे नेणारी तब्बल २,०१५ पानं एका जाणकाराने त्या वृत्तपत्रासाठी हुडकून काढली. ती कुठे होती? घोरण्यावरच्या साइटवर, दातांच्या डॉक्टरांच्या, मासेमारीच्या, बाथरूमच्या टाइल्सच्या साइटवर. गळ आणि आमिषाच्या गप्पांमध्ये मध्येच 'ईव्हनिंग ड्रेसेस'. पेनीने 'आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं' म्हणत हात वर केले आणि साइट शोधात वर आणून देणाऱ्या आपल्या एसईओ कंपनीला नारळ दिला.

मला थक्क करतो तो २,०१५ हा आकडा. किती किरकोळ आहे तो! २००८ मध्ये गूगलने जाहीर केलं होतं की त्यांच्या नजरेस पडलेले वेबपानांचे वेगवेगळे पत्ते १ लाख कोटींवर गेले. २०१६ पर्यंत तोच आकडा १३० लाख कोटी झाला. दर सेकंदाला एक या वेगाने ही पानं न झोपता मोजायला बसलात, तर सुमारे ४१ लाख वर्षं लागतील. एवढ्या समुद्रात दोन हजार थेंबांनी भरती कशी आली?

त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. लिंक म्हणजे शिफारस, ही कल्पना गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना मांडली. पण शिफारस कुणाची, यावर तिचं वजन ठरतं. सरपंचाची चिठ्ठी वेगळी आणि नाक्यावरच्या रिकामटेकड्याची वेगळी. आणि सरपंच मोठा का, तर त्याच्या मागे बरेच लोक उभे म्हणून. ही साखळी सुटावी कशी? सुरुवातीला सगळ्यांना सारखंच वजन द्यायचं आणि आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या मारायच्या. १९९८ च्या त्यांच्या निबंधात ३२.२ कोटी लिंकांचं जाळं ५२ फेऱ्यांत स्थिरावल्याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ १,६७४ कोटी वेळा एका पानाचं वजन दुसऱ्या पानाच्या पदरात टाकलं गेलं.

वाटणी कशी होते ते बघा. समजा, एका पानाकडे एक रुपया आहे. त्यातले साधारण ८५ पैसे ते लिंकांवाटे पुढे देतं. उरलेले पंधरा सगळ्या वेबमध्ये सारखे वाटले जातात, कारण वाचणारा कधीतरी कंटाळून भलतीकडेच उडी मारणार, असं गृहीत धरलंय. त्या पानावर दहा लिंका असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेआठ पैसे. पुढच्या पानावरही दहाच असतील, तर त्यातला पाऊण पैसासुद्धा पुढे पोचत नाही. तिसऱ्या टप्प्यावर पैशाचा सोळावा हिस्सा! आणि ज्या पानावर हजार लिंका कोंबल्या आहेत, ते पहिल्याच टप्प्यात पैशाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देतं. शिवाय त्या पानाकडे मुळात रुपया असायला हवा, तो बहुतेकदा नसतोच.

मग पेनीचे दोन हजार का चालले? कारण बाकीच्यांचे खिसे पूर्ण रिकामे असतात. एचरेफ्स या कंपनीने सुमारे १०० कोटी पानं तपासली, तेव्हा ६६ टक्के पानांकडे बाहेरच्या एकाही साइटची लिंक नव्हती. पुढे १,४०० कोटी पानं पाहिली, तर ९६.५५ टक्के पानांवर गूगलवरून कुणीच येत नव्हतं. शंभरातली सत्त्याण्णव पानं अशी, की लिहिली, चढवली आणि विसरली गेली. जिथे बहुतेकांकडे शून्य आहे तिथे फुटकळ पैसेसुद्धा डोळ्यांत भरतात.

म्हणूनच लिंका विकण्याचा धंदा उभा राहिला. त्याला आळा घालायला एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन हा बदल आणला आणि इंग्रजीतल्या ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. त्याच वर्षी जानेवारीत, क्रोमच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिंका घेतल्या गेल्या म्हणून गूगलला आपल्याच क्रोमच्या पानाला ६० दिवसांची शिक्षा द्यावी लागली होती. सासूने सुनेला ओरडावं आणि आपल्याच पदराखाली चोरी सापडावी, तसं. तरी ओघ थांबला नाही. २०२० मध्ये गूगलला रोज ४,००० कोटी स्पॅम पानं सापडत होती, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ लाख ६३ हजार. हे वाक्य वाचून होईपर्यंत त्यांत कित्येक लाखांची भर पडली असती.

आज लिंक हा गूगलच्या अनेक निकषांपैकी एक आहे, पूर्वीइतका भारी नाही. तरीही तुमची एखादी साइट असेल, दुकानाची असो की दिवाळी अंकाची, तर 'सर, पाचशे बॅकलिंक्स, फर्स्ट पेज गॅरंटी' असली मेल तुम्हाला आलीच असेल. पैसे देण्याआधी गूगल सर्च कन्सोल उघडा आणि 'लिंक्स' वर जा. तुमच्याकडे कोण कोण बोट दाखवतंय, ते तिथे फुकट दिसतं. त्या यादीत मासेमारीची साइट निघाली आणि तुम्ही साड्या विकत असाल, तर ती लिंक कुणी आणि का लावली, ते आधी शोधा.