पेंढ्याचे तिरंदाजी लक्ष्य : बांधणी, कीडरक्षण आणि विल्हेवाट

मकरसंक्रांतीच्या सुमारास येणाऱ्या साकरात सणात झारखंड व लगतच्या प्रदेशांतील संथाळ समाज ‘बेझा’ हा नेमबाजीचा खेळ खेळतो. त्यात केळीचे खोड उभे रोवून त्यावर बाण मारले जातात. शेतातील अवशेष आणि धनुर्विद्या यांचे नाते असे जुने आहे. आधुनिक तिरंदाजीतही ग्रामीण भागाचा ठसा ठळक आहे. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या दीपिका कुमारी झारखंडच्या, तर २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद पटकावणाऱ्या अदिती स्वामी साताऱ्याच्या. मात्र फोमची तयार लक्ष्ये गावातील शाळांना सहसा परवडत नाहीत. तेथे भाताचा पेंढा उपयोगी पडतो. परंतु त्याची बांधणी आणि निगा शास्त्रशुद्ध हवी.

बाण कसा थांबतो?

पेंढा कठीण असल्यामुळे नव्हे, तर बाणाच्या दांड्याशी होणाऱ्या घर्षणामुळे बाण थांबतो. म्हणून लक्ष्याची खरी ताकद पेंढ्याच्या आवळलेपणात असते. पेंढ्याचे आडवे थर एकावर एक रचून ते वरखाली दोन फळ्यांमध्ये दाबावेत. दोन्ही बाजूंना आटे पाडलेल्या लोखंडी सळ्या घालून नटांनी आवळावे. बाण थरांच्या कडेवर, म्हणजे दोन थरांच्या मधून शिरला पाहिजे. त्यामुळे काड्या तुटण्याऐवजी बाजूला सरतात आणि बाण काढल्यावर पुन्हा जवळ येतात. थर सैल पडले की नट आवळता येतात, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. साध्या दोरीने बांधलेल्या गाठी वापरल्यास दोऱ्यांमध्ये पाचरी ठोकून ताण कायम राखावा.

बांबूच्या धनुष्याच्या सरावाला सुमारे दीड फूट जाडी सहसा पुरते. तरीही मुलांना सरावाला उभे करण्यापूर्वी प्रशिक्षकाने जवळच्या अंतरावरून चाचणी घ्यावी. बाणाचा वेग जवळच सर्वाधिक असतो. मागील बाजूने बाणाचे टोक दिसले, तर जाडी वाढवावी. अधिक ताकदीच्या कंपाउंड धनुष्यासाठी घरगुती पेंढ्यावर विसंबू नये. स्पर्धेप्रमाणे मांडणी करायची असल्यास ७० मीटरसाठी १२२ सेंटिमीटर व्यासाचा चेहरा लावून त्याचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंच ठेवावा.

मागची आड

चुकलेल्या बाणासाठी लक्ष्यामागे दगड-गोटे वेचून काढलेल्या मातीचा उंच बांध घालावा. दगडी किंवा सिमेंटच्या भिंतीवर बाण मोडतो अथवा उसळून परत येतो. बांध असला तरी त्यापलीकडे पायवाट, गुरांचा वावर किंवा वस्ती नसावी.

आतून पोकळ होणारे लक्ष्य

कीटकशास्त्राच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे येतो. वाळवी, विशेषतः आपल्याकडे सर्वत्र आढळणारी ओडोंटोटर्मिस प्रजातीतील वाळवी, उजेड आणि कोरडी हवा टाळते. जमिनीवर टेकलेल्या लक्ष्यात ती खालून शिरते व आतला पेंढा खाऊन पोकळी करते. बाहेरून लक्ष्य शाबूत दिसते. पण त्यावर मारलेला बाण आरपार जातो. ओल्या पेंढ्यात बुरशीही हेच काम करते. मळणीत राहिलेले दाणे धान्यावरील पतंगाला आणि उंदरांना आमंत्रण देतात. उंदरांनी पाडलेली बिळे म्हणजे बाणाला आयती वाट.

यावर उपाय साधे आहेत. पेंढा नीट झोडून दाणे काढून टाकावेत आणि ओलावा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत उन्हात वाळवावा. लक्ष्य जमिनीपासून किमान एक फूट उंच घोडीवर ठेवावे. वाळवीला मग घोडीच्या पायांवरून मातीचे बोगदे बांधत वर यावे लागते आणि ते नजरेस पडतात. आठवड्यातून एकदा पाहणी करून ते मोडून टाकावेत. पावसाळ्यात वर छप्पर असावे, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेला पेंढा आतल्या आत कुजतो.

घोडीसाठी बांबू वापरणार असाल, तर तीन-चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्यात तोडावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवावा. त्यामुळे त्यातील पिष्टमय पदार्थ कमी होतात. डायनोडेरस भुंगेरे याच पदार्थांसाठी बांबू पोखरतात. छिद्रांखाली पडलेली पिठासारखी भुकटी ही त्यांची खूण होय.

पेंढ्यावर कीटकनाशक फवारू नये. बाण उपटताना मुलांचे हात वारंवार त्याच पेंढ्याला लागतात.

वापर संपल्यावर

झिजलेले लक्ष्य गुरांपुढे टाकण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्यात बाणांची तुटलेली लोखंडी टोके व तारेचे तुकडे राहिलेले असतात. जनावर ते चाऱ्याबरोबर गिळते, ते जठराच्या जाळीदार कप्प्यात रुततात आणि हृदयावरणापर्यंत पोहोचून जीवघेणे ठरू शकतात. पेंढा पसरून लोहचुंबक फिरवावे, प्लास्टिकची दोरी वेगळी करावी आणि उरलेला पेंढा कंपोस्ट खड्ड्यात घालावा. लोहचुंबक फिरवल्यानंतरही तो चारा म्हणून वापरू नये.

केळीच्या खोडाचे लक्ष्य केल्यास ते बागेत पडू देऊ नये. खोडावरील सोंडे भुंगेरे अशा खोडांत वाढतात आणि उभ्या बागेवर जातात. वापरानंतर खोडाचे बारीक तुकडे करून वाळवावेत व नंतर कंपोस्टमध्ये घालावेत.

दर आठवड्याच्या सरावापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : लक्ष्याच्या मध्यभागी मूठ दाबल्यावर ते खचते का, घोडीच्या पायांवर मातीचे बोगदे आहेत का आणि मागील बाजूस बाणाचे टोक निघते का. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत सराव थांबवावा.