मोबाईल नेटवर्कच्या पिढ्या आणि बोगदे व भव्य वास्तूंमधील संदेशवहन : एक विवेचन

प्रस्तावना :
भारतात मोबाईल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्यानंतर तिसरी आणि चौथी पिढी आली व १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्ली येथे पाचव्या पिढीच्या सेवेचे उद्घाटन झाले. त्या समारंभातील एका प्रात्यक्षिकात दिल्ली मेट्रोच्या निर्माणाधीन बोगद्यातील कामगारांची सुरक्षितता ५जीच्या साहाय्याने कशी राखता येईल, हे दाखविण्यात आले होते. मात्र दोन वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईतील भूमिगत मेट्रो मार्गिका ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला, तेव्हा ५जी फोन हाती असूनही जमिनीखाली संपर्क तुटतो, अशी प्रवाशांची तक्रार पुढे आली. नवी पिढी आली म्हणजे बोगद्यातही नेटवर्क आले, हा समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लहर, खडक आणि भिंत :
पिढी म्हणजे संदेश लहरीवर चढविण्याची पद्धती होय; ती लहर कोठपर्यंत पोहोचेल, हे मुख्यतः तिच्या वारंवारितेवर अवलंबून असते. ९०० मेगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० ची १७ सेंटिमीटर, तर ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झची केवळ ८.६ सेंटिमीटर असते. सर्वसाधारणपणे वारंवारिता वाढली की भिंत ओलांडताना होणारी शक्तिहानी वाढते. दहा डेसिबल हानी म्हणजे शक्तीचा एक दशांश भाग उरणे आणि तीस डेसिबल म्हणजे एक सहस्रांश. दगडी भिंत, सळयांचे जाळे असलेला काँक्रीटचा स्लॅब, पत्र्याचे छत आणि धातूचा सूक्ष्म थर दिलेली आधुनिक काच हे सर्व कमी-अधिक प्रमाणात लहरी अडवितात. डोंगराचा खडक तर त्या जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो.

बोगद्याच्या आतील स्थिती मात्र वेगळी असते. बोगदा लहरींसाठी नळीसारखे कार्य करतो. सुमारे ६ मीटर रुंदीच्या बोगद्यात साधारणतः २५ मेगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर जाऊ शकत नाहीत. आकाशवाणी परभणीसारख्या केंद्रांच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात; म्हणूनच अशा लहरींवरील रेडिओ बोगद्यात शिरताच मुका होतो. मोबाईलच्या लहरी या मर्यादेच्या कितीतरी वर असतात. सरळ व रिकाम्या बोगद्यात तर अधिक वारंवारितेची लहर तुलनेने कमी हानीने पुढे सरकते. परंतु वळण आले किंवा धातूच्या डब्यांच्या गाडीने मार्ग व्यापला की हा लाभ ओसरतो. शिवाय लहर आत शिरली तरच तिला नळीचा उपयोग. बाहेरच्या मनोऱ्याची लहर तिरपी येत असल्याने बोगद्याच्या मुखापासून थोड्याच अंतरावर क्षीण होते. कोकण रेल्वेवरील रत्नागिरी जिल्ह्यातील करबुडे बोगदा ६.५ किलोमीटर लांबीचा आहे. अशा बोगद्यात केवळ बाहेरच्या मनोऱ्याच्या आधारे संपर्क राखणे अशक्य होय.

आतील यंत्रणा आणि पिढ्यांचा परिणाम :
यावरील उपाय म्हणजे लहर आतच निर्माण करणे. भव्य इमारतींत केबलद्वारे जोडलेल्या लहान अँटेना मजल्यामजल्यावर बसवितात. बोगद्यात बहुधा विशिष्ट केबल भिंतीलगत टाकतात. तिच्या बाह्य आवरणाला ठरावीक अंतरावर फटी असतात व त्यांतून लहर थोडी थोडी बाहेर पाझरते.

या यंत्रणेवर प्रत्येक पिढीने नवा भार टाकला. २जीची वाहिनी अवघी २०० किलोहर्ट्झ रुंदीची असल्याने क्षीण लहरीवरही संभाषण होऊ शके. ३जीमध्ये ग्राहकांची गर्दी वाढली की केंद्राचे प्रभावी क्षेत्र आकुंचन पावत असे. ४जी एकाच वेळी अनेक अँटेनांद्वारे माहिती पाठविते. त्याचा पूर्ण लाभ घेण्यासाठी बोगद्यात दोन समांतर केबल लागतात. ५जीबाबत अडचण अधिक मूलभूत आहे. पूर्वी टाकलेल्या अनेक केबल सुमारे २.७ गिगाहर्ट्झपर्यंतच्याच लहरींसाठी बनविलेल्या असल्याने ३.५ गिगाहर्ट्झ लहर त्यांतून नीट जात नाही. तेव्हा केबल बदलणे, जागोजागी लहान केंद्रे बसविणे किंवा ७०० मेगाहर्ट्झसारखी कमी वारंवारिता वापरून वेगाशी तडजोड करणे, हेच पर्याय उरतात. थोडक्यात, नव्या पिढीमुळे वेग वाढतो. व्याप्ती आपोआप वाढत नाही.

मुंबईचा अनुभव :
मेट्रो ३ हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग असून त्यावरील २७ पैकी २६ स्थानके भूमिगत आहेत. तेथील प्रश्न तंत्रज्ञानाच्या अभावाचा नव्हता. सर्व कंपन्यांसाठी सामाईक यंत्रणा कोणी उभारावी व तिच्या वापराचे शुल्क किती असावे, याविषयी मेट्रो प्रशासन आणि दूरसंचार कंपन्या यांच्यात मतभेद होते. बोगद्यातील मर्यादित जागेत प्रत्येक कंपनीने स्वतंत्र केबल टाकणे व्यवहार्य नसते; म्हणून करार हाही अभियांत्रिकीइतकाच महत्त्वाचा घटक ठरतो. अपघात, आग किंवा आजारपणाच्या प्रसंगी ११२ या क्रमांकाशी संपर्क होणे आवश्यक असल्याने ही बाब केवळ सोयीची न राहता सुरक्षिततेची होते.

समारोप :
गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावात भुयारी मेट्रो नाही, परंतु जाड भिंतींच्या वा पत्र्याचे छत असलेल्या वर्गखोल्यांत हेच भौतिकशास्त्र लागू पडते. अंगणात पूर्ण दिसणारे नेटवर्क परीक्षा कक्षात नाहीसे होते, तेव्हा नवा फोन घेणे हा त्यावरील उपाय ठरत नाही. ब्रॉडबँडची जोडणी असल्यास वायफायद्वारे कॉल करण्याची सोय तेथे उपयोगी पडते. भारतात ती २०१९ च्या अखेरीपासून उपलब्ध होऊ लागली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना अंकीय जोडणीच्या आधारे मानांकन देण्याचे विनियम अधिसूचित केले, ही स्वागतार्ह बाब होय. पाणी व वीज यांच्या वाहिन्यांप्रमाणेच संदेशवाहिनीची जागाही वास्तूच्या आराखड्यातच निश्चित होणे आवश्यक आहे. बांधकामानंतर भिंती फोडून केलेली सोय नेहमीच अधिक खर्चिक व अपुरी ठरते.